पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेत भरलेली चमक उतरते, असं आमच्या बुलढाण्याकडे मानतात. लग्न होऊन जळगाव जामोदजवळच्या या गावात आले, तेव्हा ही बातमी माझ्याआधीच इथे पोहोचली होती. सकाळी कोणी ना कोणी ओट्यावर पालथं पडलेलं असायचंच. मी झाडू बाजूला ठेवून कंबरेवर हलकीशी लाथ द्यायची आणि पुन्हा झाडायला लागायची. सरपंचांनाही दिली आहे. मजा यायची, खोटं कशाला बोलू!

गेल्या हिवाळ्यात तुरीचं पोतं उचलताना नवऱ्याची कंबर धरली. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे, "सारं गाव तुह्या पायानं बरं होते, मीच काऊन जाऊ दवाखान्यात?" सासूबाई कडाडल्या, "नवऱ्याले लाथ मारशीन? पाप लागते!" मग हा हट्टाने अंथरुणावर पडून राहिला. मी दोघांवरही धुमसत होते.

एक दिवस तो अंगणातून आत आला, तर डाव्या पायात चप्पल नव्हती. ती दारातच गळून पडली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मी ती उचलून त्याच्यासमोर धरली.

"पाय सुन्न पडला तुमचा. आता तरी चाला."

"पहिले तू पाय लाव, मंग चालतो."

सासूबाईंनीही ती चप्पल पाहिली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "लाव वो. मी पाह्यत नाही."

गावभर बिनदिक्कत लाथा वाटणारी मी, पण त्याच्या कंबरेवर नुसता पाय टेकवला. पाठ लाकडासारखी ताठ होती. मला रडूच आलं. त्याच दुपारी आम्ही दवाखाना गाठला.

मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. पायातली ताकद जायला लागली की घरी थांबायचं नसतं. साधी चमक मात्र बहुतेकदा आपोआप उतरते, फक्त झोपून न राहता जमेल तसं हिंडतं-फिरतं राहावं. म्हणजे इतकी वर्षं श्रेय माझ्या पायाचं नव्हतंच! मी जरा हिरमुसले. औषधं आणि व्यायाम यांनी तो हळूहळू सावरला. आता ओझं गुडघ्यांत वाकून, छातीशी धरून उचलतो. आणि ओट्यावर येणाऱ्याला मी आधी विचारते, पायाला मुंग्या येतात काय?

परवा तो शेतात गेल्यावर सासूबाईंनी दार लोटलं, सतरंजी अंथरली आणि पालथ्या झाल्या. सुनेसमोर. माझा पाय काही उचलेना. मी खाली बसले आणि हातानेच त्यांची कंबर चेपू लागले.

"कवापासून दुखते, आई?"

"तुह्या नवऱ्याच्या बाळंतपणापासून."