एक बट, एक कान

साठी उलटल्यावर प्रथमच स्वतःविषयी लिहीत आहे. कुठे सूर कडवट झाला, तर तो गोड करण्याची माझी तयारी नाही.

स्वातंत्र्याच्या थोडा आधीचा उन्हाळा. नेवाशाहून पाहुणे मला पाहायला राहात्याला आले. कपाळावरची माझी पांढरी बट आईने काजळ चोपडून वेणीत दडवली होती. डाव्या कानाने मला जन्मापासून ऐकू येत नसे. मुलाची आत्या नेमकी त्याच बाजूला बसली आणि तिने काहीतरी विचारले. मी समोर पाहत राहिले.

"पोरगी लई शिष्ट हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. मग केसांची लांबी पाहण्याच्या रिवाजाने तिने माझी वेणी सोडली. तिची बोटे काळी झाली.

"ह्ये काय? कोड लपवता व्हय?"

कोडाच्या नुसत्या संशयाने त्या काळी ठरलेली लग्ने मोडत. वडील घाईघाईने म्हणाले, "कोड नाही हो. माझ्या आईलाही अशीच बट होती. तिचाही एक कान जन्मापासून बंद होता. आमच्या घराण्यातच आहे ते."

"म्हंजे बहिरी बी हाय," आत्या म्हणाली. "बरं झालं, तुमीच सांगितलं."

वडील अजाणता खरे बोलून गेले होते. पुढे शिक्षिका झाल्यावर मी वाचले, की केसांना रंग देणाऱ्या पेशी कानाच्या आतही लागतात. त्या तिथे पोहोचल्या नाहीत, तर कान बहिरा राहतो. एकाच जनुकातला दोष केसातही उमटतो आणि कानातही. त्याचा कोडाशी काही संबंध नाही, शिष्टपणाशी तर मुळीच नाही. हे कळून माझे समाधान झाले नाही. रागाला फक्त नेमकेपणा आला.

आत्याने मग माझ्या धाकट्या बहिणीला बोलावले. तिचे केस सोडून पाहिले, पाठीमागे जाऊन दोन्ही कानांशी टाळी वाजवली. ती दोन्ही वेळा दचकली.

"ही चालंल. पर थोरलीला लग्नात आणू नगा. मानसं इचारत्यात."

वडील "बरं" म्हणाले. मी तिथेच, मोकळ्या केसांनी बसले होते.

लग्न नेवाशाला लागले. घरचे सारे बैलगाडीत बसले, तेव्हा आई मला म्हणाली, "म्हशीची धार काढायला कोणीतरी हवं. तू थांब."

म्हैस कधीचीच आटली होती.