बॉक्स ऐकतो, पण चुगली करत नाही

"चार वाजता नातीची कुस्ती हाय, आन् तुमचा डबा म्हणतोय परवानगी न्हाय! माझ्याच घरात मला परवानगी देणारा ह्यो कोण?"

उचगावचे दत्तूमामा खाटेवरूनच गरजले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मैदानावर जाता येत नव्हतं. नात गौरी पहिल्यांदाच मोठ्या मॅटवर उतरणार होती, आमच्या लोकल चॅनेलवर लाइव्ह. मी त्या केबलचा टेक्निशियन. घड्याळात पावणेचार.

वायर काढून मीटर लावला. सिग्नल ठणठणीत.

"मामा, हा सेट-टॉप बॉक्स रोज चालू असतो ना?"

"छ्या! बातम्या झाल्या की पिन उपसतो. लिवलंय की तसं."

"कुठं?"

त्यांनी टीव्हीच्या वर बोट दाखवलं. भिंतीवर पिवळं पत्रक. 'सावधान! बॉक्स तुमच्यावर नजर ठेवतोय! टीव्ही बघून झाला की पिन काढा!'

पत्रक माझं होतं. नोकरीआधी ग्राहक चळवळीत होतो, तेव्हाचं. तीन उद्गारचिन्हं, माहिती शून्य.

खरं असं आहे. केबलमधून सगळी चॅनेलं एकदम येतात, बहुतेक कुलूप लावलेली. बॉक्स आपल्याला हवं ते वेगळं काढतो, कुलूप उघडतो आणि चित्र टीव्हीकडे पाठवतो. कुठली कुलपं उघडायची, ते ऑफिस त्याच वायरीतून कळवतं. बॉक्स बंद असला तर निरोप वाया. आणि मामांच्या बॉक्सला उलट बोलायची सोयच नाही. इंटरनेटवाल्या बॉक्सची गोष्ट वेगळी. एवढं सोपं मराठीत छापून कुणी ग्राहकाच्या हातात देत नाही, याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. फक्त तेव्हा मी नुसता रागच छापला.

केबलच्या मालकांना ऑफिसात फोन लावला. "रिफ्रेश मारा." म्हणजे निरोप पुन्हा पाठवा.

"बॉक्स चालू हाय न्हवं?"

"आत्ता केला."

"मग हात लावू नको. तुला दम नसतोय."

चार वाजले. पडद्यावर तेच 'परवानगी नाही'. मामा माझ्याकडे बघेनात. न राहवून मी म्हणालो, "मामा, ते पत्रक चुकीचं आहे. बॉक्स फक्त ऑफिसचा निरोप ऐकतो, म्हणून तो चालू लागतो; तुमच्यावर नजर ठेवत नाही."

"पावणं, एवढा कागद छापणारा खोटं कशाला लिवंल?"

"मीच लिहिलंय."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरीच म्हटलं, वायरमन असून एवढं बोलतोय कसा!"

तेवढ्यात चित्र आलं. लाल पोशाखात गौरी, दुसरा राउंड, तीन गुणांनी मागे. मामा खाटेवर बसूनच खांदे हलवत होते. "पट काढ, पोरी!" तिनं पाय धरून समोरचीला पाडलंही, दोन गुण मिळाले, पण वेळ संपली. एका गुणानं हरली.

मामांनी डोळे पुसले. "हरली तर हरली. दिसली की."

पत्रक लिहिण्याआधी बॉक्स उघडून बघावा, एवढं मी शिकलो. ते भिंतीवरून काढलं आणि म्हणालो, "आता पिन काढू नका."

"न्हाय काढत."

चप्पल घालताना मागं वळून बघितलं. पिन जागेवर होती. मामांनी बॉक्सवर टॉवेल टाकला होता.

"ऐकू दे त्याला ऑफिसचं," ते म्हणाले. "आमच्याकडं बघायचं काय काम?"