किल्ली ज्याची त्याच्याच खिशात

वडकेकाका गेल्याची बातमी मला दोन तास उशिरा कळली. आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या मुख्य विद्युत पॅनेलची वार्षिक देखभाल चालू होती. मी आत होते आणि फोन नेहमीप्रमाणे दाराबाहेरच्या टेबलावर. काम चालू असताना फोन आत न्यायचा नाही, हे वळण त्यांनीच लावलेलं. बाहेर आले तर काकूंचे चार मिस्ड कॉल. ‘‘अगं, सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली,’’ काकू म्हणाल्या. मग लगेच, ‘‘कामात आहेस का? मग पुरं कर आणि ये. अर्धं टाकून आलीस तर त्यांना आवडायचं नाही...’’ मी काम पुरं केलं आणि मगच कसब्यात त्यांच्या घरी गेले.

वर्ध्याहून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन मी पुण्यात आले, तेव्हा येरवड्याच्या पुढे काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहू लागल्या होत्या. त्यातल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत वीजव्यवस्था सांभाळायला आम्ही दोघं एकाच आठवड्यात रुजू झालो. मी बावीस वर्षांची, ते पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या जुन्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली माणसं कमी केली, त्यात ते बाहेर पडले होते. घराणं कसब्यातल्या तांबटांचं. वडिलांनी जन्मभर तांब्याचे हंडे ठोकले. ‘‘मीही तांब्यातच आहे,’’ ते म्हणायचे, ‘‘फक्त आमच्या तांब्याला हात लावायच्या आधी विचार करावा लागतो.’’

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात एक लाल रंगवलेलं कुलूप ठेवलं. त्यावर माझं नाव ठोकलेलं होतं, त्यांच्या वडिलांच्याच हातोडीने. नियम साधा होता. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने वीज बंद केल्यावर त्या स्विचला आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. तीन माणसं आत असतील तर तीन कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत कोणाचा बाप वीज चालू करू शकणार नाही. मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. एकदा मी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, तर त्यांनी मला सरळ घरी पाठवलं. ‘‘आज सुट्टी घ्या, वंदनाबाई. आपला जीव खिळ्याला टांगून कामावर येत नसतात.’’ मी रडत बस पकडली. ते तिरसट आहेत यावर तेव्हा सगळ्या ऑफिसचं एकमत होतं, माझंही.

मग तो रविवार आला. देखभालीसाठी वीज मंडळाकडून येणारा पुरवठा आम्ही बंद केला होता. टेस्टर लावून तपासलं, अर्थिंग केलं, कुलपं लावली. त्याशिवाय काकांनी जनरेटरची वीज पॅनेलकडे सोडणाऱ्या मोठ्या स्विचला, म्हणजे ब्रेकरलाही, माझं आणि त्यांचं आणखी एकेक कुलूप लावायला लावलं. जनरेटर बंदच होता. मी मनात म्हटलं, ही आता हद्द झाली. दुपारी मी पॅनेलच्या मागच्या बाजूला शिरून तांब्याच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळत होते. दोन्ही हात पट्ट्यांवर. आणि एकदम जनरेटर धडधडत सुरू झाला.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. जनरेटरची वीज त्याच पट्ट्यांवर येते, हे मला ठाऊक होतं. मी थिजले. बाहेरून काकांचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा. ‘‘वंदनाबाई, सावकाश बाहेर या. वीज येत नाही. कुलूप तुमचं आहे, किल्ली तुमच्याजवळ आहे.’’ मी खिसा चाचपला. किल्ली होती.

झालं होतं असं, की वर परदेशी ग्राहकाचं काम अडलं होतं, बॅटऱ्या उतरत आल्या होत्या, आणि मॅनेजरने आम्हाला न विचारताच जनरेटर सुरू करायला लावला होता. ऑपरेटर ब्रेकर टाकायला गेला, तर समोर दोन लाल कुलपं. मॅनेजर तरातरा खाली आला.

‘‘कापा ती कुलपं! तिकडे क्लायंट लाइनवर आहे.’’

‘‘त्यांना सांगा, इकडे एक मुलगी आत आहे,’’ काका म्हणाले. ‘‘आठ बोल्ट राहिलेत. ते होऊ द्या, मग खुशाल बोला.’’

‘‘तुमची नोकरी जाईल, वडके.’’

‘‘जाईल. पण कुलूप आधी निघणार नाही.’’

मला त्यांनी दहा मिनिटं बसवलं, पाणी दिलं आणि परत आत पाठवलं. त्या आठ बोल्टांना पाऊण तास लागला, कारण दर बोल्टनंतर मी खिशातली किल्ली चाचपून पाहत होते. त्यांनी एकदाही घाई केली नाही. काकांना खरमरीत पत्र मिळालं. ते त्यांनी घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकलं. वर्षभराने त्याच मॅनेजरने कंपनीच्या बाकीच्या इमारतींतली माणसं त्यांच्याकडे शिकायला पाठवली.

‘‘जनरेटरला कुलूप लावायचं तुम्हाला सुचलं कसं?’’ मी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी आधी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, ‘‘सुचलं नाही... कारखान्यात बबन म्हणून माझा जोडीदार होता. सगळे बाहेर आले असं समजून मी स्विच टाकला. तो पाना आणायला परत आत गेला होता.’’ बबनरावांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला. त्यानंतर काका दर गुरुवारी येरवड्याला त्यांच्या घरी जात राहिले. चौकशीत दोष कोणाचाच निघाला नव्हता. काकांनी मात्र तो स्वतःजवळ ठेवून घेतला.

अंत्यदर्शनाला बबनराव आले होते. डाव्या हाताने त्यांनी काकांच्या कपाळावरचे केस सारखे केले. मला म्हणाले, ‘‘मी त्याला केव्हाच माफ केलं होतं. त्यानेच ऐकलं नाही.’’

परवा काकूंना भेटायला गेले, तर स्वयंपाकघरातली ट्यूब बंद पडलेली आणि गल्लीतला वायरमन स्टुलावर चढण्याच्या बेतात. काकूंनी त्याला थांबवलं. मीटरजवळ जाऊन मेन स्विच पाडला, चिनी मातीचे दोन पांढरे फ्यूज खेचून काढले आणि ते मुठीत धरून पाटावर येऊन बसल्या.

‘‘काकू, कशाला? मी चालू लाइनवरसुद्धा करतो. मला सवय आहे,’’ वायरमन हसत म्हणाला.

‘‘मला नाही,’’ काकू म्हणाल्या.

त्याने चोक बदलला, ट्यूब बसवली, स्टूल भिंतीला लावलं. तो दोन्ही पायांवर जमिनीवर उभा आहे हे नीट पाहून घेतल्यावरच काकूंनी मूठ उघडली.