मैनाबाईनं पारखलेला जड सेल

मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात माझं भज्यांचं दुकान आणि मैनाबाईची मासळीची टोपली शेजारीशेजारी लागते. माझ्या भज्यांना तिच्या मासळीचा वास लागतो आणि तिच्या मासळीला माझ्या तेलाचा. गिऱ्हाईक तक्रार करतं ते मात्र माझ्याकडेच. मैनाबाईकडे तक्रार घेऊन जाण्याची छाती या बाजारात कुणाला नाही.

तिचा नवरा उमाजी पहाटेच्या अंधारात तलावावर जाळं टाकतो आणि मैनाबाई ती मासळी विकते. उमाजी फार कमी बोलतो. बोलण्याचं काम त्यानं लग्नातच बायकोच्या हवाली केलं असावं. बाईला एकाच गोष्टीचा गर्व होता, की आजवर तिला कुणी गंडवलेलं नाही. तिनं इतरांना गंडवलं, हा भाग वेगळा. तिच्या मरळीच्या पोटात खडे निघाल्याची ओरड मी स्वतः ऐकली आहे. तेव्हा बाई शांतपणे म्हणाली होती, "मासा खडे खाते, त्याले मी का करू?"

तर उमाजीच्या डोक्याला बांधायच्या लाइटचा सेल गेला. हा लाइट म्हणजे पुढे कपाळावर दिवा आणि मागे डोक्यावर सेलची डबी. तलावाची वाट जंगलातून, त्यामुळे उजेडाशिवाय जाणं बरं नाही. मैनाबाई सेल घ्यायला लच्छूकडे गेली. हा लच्छू दर बाजारी ताडपत्री अंथरून पिना, कंगवे, चार्जर असलं सगळं विकतो.

सेल कसा पारखायचा हे बाईला ठाऊक नव्हतं, पण ते कबूल करणाऱ्यांतली ती नाही. तिनं मासळी पारखतात तसाच तो पारखला. बोटानं दाबला, नाकाला लावला आणि शेवटी चार सेल आणून स्वतःच्या तराजूत टाकले. सगळ्यात जड निघाला तो उचलला. त्यावर सेलची ताकद म्हणून नऊ हजार नऊशे असा भलामोठा आकडा छापलेला.

"भरलेला हाय," बाई मला म्हणाली. "हलका मासा भाकड रायते, हलका सेलही भाकडच."

हे तिनंच म्हणावं, याचं मला आजही हसू येतं. पण तेव्हा मीही मान डोलावली.

पुढं जे झालं ते उमाजीनं कुणाला सांगितलं नाही, त्याच्या सोबत असलेल्या देवानंदनं गावभर केलं. उमाजी गुडघाभर पाण्यात जाळं सोडत होता. डोक्यामागची डबी तापली, मग तिच्यातून धूर निघाला. देवानंद ओरडला, "भाऊ, तुझी शेंडी पेटली!" उमाजीनं सरळ पाण्यात बुडी मारली. वर आला तेव्हा डोक्यामागचे केस गेले होते आणि तिथं भाकरी करपावी तसा चट्टा पडला होता.

त्यानंतर उमाजीनं लाइट खुंटीला टांगला. "आमचा बाप का लाइट लावून जाये?" एवढंच म्हणाला आणि अंधारातच तलावावर जाऊ लागला. नेमकं त्याच दिवसांत तलावाच्या पाळीवर, बांधावरच, अस्वलाची विष्ठा दिसली. मैनाबाईची झोप उडाली. तो परत येईपर्यंत ती दारात उभी राही आणि तो दिसला की त्याच्यावर खेकसे. बाई घाबरली होती, फार घाबरली होती, आणि घाबरली की तिला फक्त खेकसताच येतं.

जळका सेल घेऊन ती जलालुद्दीनभाईंकडे गेली. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी वरचं कवच कापलं. आत करंगळीएवढा सेल आणि बाकी सगळी रेती.

"बाई, या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या वर मावतच नाई," भाई म्हणाले. "जेवढा आकडा मोठा तेवढी थाप मोठी. आणि हे वरचं प्लास्टिक फाटलं असन तं फुकटातही घेऊ नको."

मग त्यांची नजर तिच्या उघड्या बटव्यात गेली. चुन्याच्या पितळी डबीला खेटून लच्छूकडूनच जोडीला घेतलेला दुसरा एक सुटा सेल पडला होता. भाईंनी तो चिमटीत धरून बाहेर काढला. "याची दोन्ही तोंडं पितळेले लागली तं बटवा पेटन. कमरेले बांधून फिरून राह्यली तू." नागपूरहून चांगला सेल मागवतो, बिलासकट, असं ते म्हणाले. बाईनं ऐकून घेतलं आणि ती रेती मात्र पुडीत बांधून घरी आणली.

पुढच्या बाजारी लच्छूनं तिच्याकडून एक मरळ नेली. चांगली जड होती. त्याच्या पुढच्या बाजारी तो तणतणत आला.

"बाई, मरळीच्या पोटात रेती होती!"

"तुझीच होती," मैनाबाई म्हणाली. "वापस केली."

भजी तळता तळता माझा झारा तेलात पडला. लच्छू म्हणाला, "मी का सेलच्या आत जाऊन पाह्यलो?" बाई म्हणाली, "मी तं मासोळीच्या आत जाऊन पाह्यते, म्हणून तं तुले सापडली." अख्खा बाजार हसला. लच्छूनं ते सेल मुकाट पोत्यात भरले आणि पुन्हा मांडले नाहीत.

मला वाटलं, झालं, बाईचा गर्व परत जागेवर आला. पण नागपूरचा सेल आला तेव्हा जलालुद्दीनभाई मला सांगत होते, "बाईनं भावच केला नाई. मी घाबरलो, म्हटलं तब्येत तं बरी आहे?" कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी बाई. सोबतचा चार्जर घेतला, झोपायच्या आधी तो काढायचा हे दोनदा विचारून घेतलं आणि निघाली.

त्या बाजारी भर दुपारी मैनाबाई डोक्याला लाइट बांधून, तो पेटवून, टोपलीमागे बसली होती. एक हात तराजूवर आणि दुसरा घडीघडी डोक्यामागच्या डबीवर. येणारा जाणारा विचारी, "काऊन वो बाई, दिवसा दिसत नाई का?" बाई उत्तर देत नव्हती. तिनं उत्तर न देणं मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून भजी सोडून उठलो.

"काऊन वो बाई?"

"त्याचे केस आता कुठी येऊन राह्यले," ती हळूच म्हणाली. "तापाचा असन तं माझ्या डोक्यावर तापू दे."

उमाजी पलीकडे जाळं शिवत बसला होता, त्यानं ऐकलं. जाळं बाजूला ठेवून तो उठला आणि तिच्या मागे येऊन बसला. गिऱ्हाईक आलं, बाईचे दोन्ही हात मासळीत गुंतले, तेव्हा त्यानं डबीवर आपला तळवा ठेवला.

"थंड हाय," तो म्हणाला. "दे मले."

"सांज होऊ दे," बाई खेकसली.

उमाजीनं हात काढला नाही. सांज होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.