रक्ताची बाटली आणि कुल्फीवाल्याचा बर्फ

अकोल्याच्या दवाखान्यात प्रयोगशाळेची नोकरी लागून मला तीनच महिने झाले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला अमरावतीहून रक्त आणायला धाडलं. माझे पाय जमिनीवर ठरेनात! साठ सालानंतरचे ते दिवस. रक्त तपासणारी मुलगी आमच्या मोर्शीच्या वस्तीत तोवर कोणी पाहिली नव्हती. "आमची पोरगी काचेतून रक्त पाह्यते," असं पाहुण्यांना सांगताना माझा बाप स्वतःच एक डोळा मिटायचा.

निमित्त मात्र वाईट होतं. बार्शीटाकळीकडची एक बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पहाटे आमच्याकडे तिला मुलगी झाली. मुलगी ठणठणीत, पण आईचं रक्त इतकं गेलं की ओठ आणि उशीचा अभ्रा एकाच रंगाचे दिसत होते. रक्त जायचं थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं तर ती हाती लागणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिचा गट बी निगेटिव्ह. नवरा दूर यवतमाळकडे. सोबत फक्त तिची आई, आणि आईचं रक्त जुळलं नाही. भाऊ आहे का, असं विचारलं तर आई म्हणाली, "हाय, पण बाळापूरले गेला बैल पाहाले. परवा येईन." मग ट्रंक कॉल झाला. अमरावतीच्या रक्तपेढीत त्या गटाची बाटली होती. एकच.

"बाटली थंड राहू दे, पण बर्फाला टेकू देऊ नको," एवढं बजावून डॉक्टरीणबाईंनी मला सकाळच्या एस.टी.त बसवलं.

अमरावतीला त्यांनी बाटली टॉवेलात गुंडाळली, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवली, भोवती बर्फ आणि लाकडाचा भुसा. परतीच्या गाडीत मी डबा मांडीवर घेऊन राणीसारखी बसले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "लोणचं हाय का वं?" मी म्हटलं, "रक्त हाय!" ते उठले ते मूर्तिजापूरपर्यंत दांडा धरून उभेच. मला हसू आवरेना.

मूर्तिजापूरला गाडी पंक्चर झाली. मे महिना. तास गेला आणि डब्याखालून पाणी गळायला लागलं. झाकण उघडलं तर बर्फाचे बोटाएवढे तुकडे उरलेले. धावत स्टँडवरच्या कुल्फीवाल्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. भला माणूस! पैसे घेईना. त्यानं भिजलेला टॉवेल बाहेर काढला, म्हणजे बर्फ जास्त मावेल, आणि बाटलीभोवती चुरा ठासून भरला. वर दोन मुठी खडेमीठ टाकलं.

"मीठ कावून?" मी विचारलं.

"मीठ टाकलं का बर्फाचा जोर वाढते, ताई. माही कुल्फी दिवसभर दगडावानी राह्यते."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आणि मी, रसायनशास्त्रात पहिली आलेली शहाणी, म्हणाले, "मग अजून टाका!"

अकोल्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. प्रयोगशाळेत बाटली वर काढली तर काचेवर पांढरं हिम, आणि हलवली तर आत कर्रकर्र: मिठानं जास्तच गार झालेल्या बर्फात रक्त गोठलं होतं. ती कोमट पाण्यात धरली, हळूहळू सुटली. दिसायला पुन्हा लालभडक, अगदी धडधाकट रक्त. थोडं नळीत घेऊन यंत्रात फिरवलं. तांबड्या पेशी खाली बसून वर गव्हाळ पाणी दिसायला हवं. वरचं पाणीही लाल होतं. गोठून पेशी फुटल्या होत्या. ते आता रक्त नव्हतं, रंग होता. शिरेत गेला असता तर त्या बाईचा घातच झाला असता.

खोटं कशाला बोलू? घटकाभर मला वाटलं, थोड्याच फुटल्या असतील. बाटलीकडे पाहून कुणाला काय कळणार? नोकरी डोळ्यापुढे आली, बाप आला. पण ती नळी समोर उभी होती. मी ती घेऊन व्हरांड्यात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, रक्त माझ्या हातून वाया गेलं. मी मिठाचा बर्फ भरून आणला."

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "कुल्फी करायला पाठवलं होतं का तुला?"

मी रडायलाच लागले. तेवढ्यात भिंतीशी बसलेली बाळंतिणीची आई उठली. माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाई, हे पोरगी खरं बोलली, म्या खोटं बोलली. पोरगा बाळापूरले नाई गेला. मागच्या धर्मशाळेत हाय. म्याच बसोलं त्याले तिथं. एकुलता एक हाय. वाटलं, पोरगी तं हातची जाऊनच राह्यली, त्याचं बी रक्त काढलं तं दोघं बी जातीन."

मी पळतच सुटले. पोरगा विशीचा, हातात अर्धी भाकर. सगळं ऐकून भाकर तिथंच टाकून माझ्यापुढे धावला आणि आईवर ओरडला, "मले कावून नाई सांगतलं वं?" त्याचा थेंब मी काचेवर घेतला. बी निगेटिव्ह! मी ओरडलेच. मग बहिणीच्या रक्ताशी जुळवून पाहिलं, एकदा, दोनदा. गाठ नाही, गुठळी नाही.

ते रक्त अंगाच्या उबेचं होतं. त्याला बर्फ लागला नाही, प्रवास लागला नाही. एका खाटेवर भाऊ, एकीवर बहीण, आणि मधे फरशीवर त्यांची आई. भावाच्या रक्ताची बाटली निम्मी उतरली तेव्हा आईनं माझा पदर धरला.

"डॉक्टरीणबाई तं धीर द्याले काई बी सांगतीन. तू सांग, पोरी. तू खोटं नाई बोलत. दोघं बी राहतीन ना?"

मला लाजेनं तिच्याकडे पाहवेना. मी भावाचं नख दाबून सोडलं, ते लगेच गुलाबी झालं. मग बहिणीचं दाबलं आणि वाट पाहिली. सावकाश, पण रंग आला.

"दोघं बी, माय," मी म्हणाले.