वारा बदलेपर्यंत

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आज पुन्हा टँकर आला. बादल्या वर चढवून कंबर मोडली. दम खायला टेकले, तर तापलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा वास आला आणि मालदीवमधलं ते छोटं बेट आठवलं. तिथल्या शाळेत मी शिकवायला होते.

तिथं प्यायला छपरावरून साठवलेलं पावसाचंच पाणी. विहिरी खारट. त्या वर्षी कोरडे वारे हटेचनात. माझी टाकी आटली आणि त्यातच मी तापाने पडले.

शेजारची हलीमा किटली घेऊन आली. सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणाली, "पी लो, टीचर."

"और तुम लोग?"

"हमारे पास है. हवा बदलेगी, बारिश आएगी."

मी घटाघट प्यायले. बरी होऊन तिच्या अंगणात गेले, तर तिची टाकी कोरडी होती आणि मुलं विहिरीच्या पाण्याचा खारट चहा तोंड वाकडं करत पीत होती.

तेव्हा वाटलं होतं, तिला वाऱ्याचं कळत असेल. आता कळतं, तिलाही काहीच माहीत नव्हतं. वारा बदलायला त्यानंतर बरेच दिवस लागले, आणि तोवर ती रोज सकाळी येऊन माझ्या कपाळाला हात लावून जात होती.