हँडल कुणी धरलं नव्हतं

माझा धंदा तोंडाचा. सांगलीपासून कोरेगावपर्यंत कुठल्याही गावची जत्रा असू द्या, कुस्तीच्या मैदानात दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माइक धरून जो माणूस बोलत असतो, तो मी. दोन पैलवान नुसते एकमेकांचे खांदे चाचपत असले तरी मी लोकांना श्वास रोखायला लावतो. एकदा एकाचा लंगोट सैल झाला म्हणून कुस्ती थांबली. तेवढ्या पाच मिनिटांत मी त्याच्या आज्यानं वाघाशी केलेली झटापट सांगून टाकली. त्याचा आजा पोस्टात होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजा पहिल्या रांगेत बसला होता, त्यानंही वाजवल्या.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या ह्याच गुणानं माझ्या थोरल्या बहिणीचा घात होता होता राहिला.

आक्काचं सासर कोरेगावजवळच्या एका खेड्यात. दाजी सैन्यात होते, पेन्शन घेऊन आले आणि फार दिवस जगले नाहीत. मागं आक्का आणि तिचा एकुलता एक मुलगा. पोरगं चोवीस वर्षांचं, कोरेगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मला मामा म्हणायचं आणि माझ्या गोष्टीतलं खोटं नेमकं कुठं सुरू होतं ते बोट ठेवून दाखवायचं.

एका संध्याकाळी ते जेवायला बसलेलं असताना त्याच्या ओळखीचे दोघे मोटारसायकलवरून आले. "जरा ये, काम आहे," म्हणाले. ते उठलं, त्यांच्यामागं गाडीवर बसलं आणि गेलं. तिसऱ्या दिवशी कॅनॉलमध्ये सापडलं. का मारलं, कसं मारलं, ते सगळं कोर्टापुढं आहे, म्हणून मी इथं बोलत नाही. न बोलायला मी अलीकडेच शिकलोय, तेव्हा कौतुक करा.

तेराव्याला मांडवात बसलो होतो. बायकांच्या घोळक्यातून कुजबूज आली. "आईनंच धाडला की वं. त्या मुडद्यास्नी पाणी पाजून धाडला." दुसरी म्हणाली, "मी तर पोरगं ताटावरनं उठूच दिलं नसतं." आक्का आतल्या खोलीत दाराशी बसली होती. तिनं ऐकलं. तिच्या पाठीचा बाक मी पाहिला.

मी उठलो. खाकरलो. आणि सुरू झालो.

म्हटलं, बायांनो, तुम्हाला काय माहीत! माझ्या आक्कानं त्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं. म्हणाली, बाळा, नको जाऊस, माझा डावा डोळा लवतोय. पोरगं हसलं. गाडी सुरू झाली तरी हिनं हँडल सोडलं नाही. चार पावलं फरपटत गेली. उंबऱ्यातल्या कुत्र्यानंसुद्धा त्याच्या पँटचा पाय धरला होता!

आक्काकडं कुत्रं नाही. कधीच नव्हतं.

पण मांडव गप्प झाला. जिनं पहिल्यांदा कुजबूज केली होती तिनंच डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं काम. बहिणीची लाज राखली. इथवर मीही स्वतःला माफ करतो.

पुढचं माफ करण्यासारखं नाही. महिन्याभरानं कराडहून एक जण आला. मोबाइलवर गुन्ह्यांच्या सत्यकथा सांगायचा त्याचा चॅनेल. गळ्यात कॅमेरा, तोंडात मध. "मामा, तुमच्या आवाजाला आख्ख्या जिल्ह्यात तोड नाही," म्हणाला आणि माझ्या कॉलरला बारकासा माइक लावला. आता मला माइक लावायचा आणि मी खरं बोलावं अशी अपेक्षा ठेवायची, म्हणजे हलगी वाजवायची आणि पैलवानानं पलंगावर पडून राहावं म्हणायचं. मी हँडल सांगितलं. डोळा सांगितला. कुत्रं तर भुंकूनच दाखवलं.

व्हिडिओ आला. सुरुवातीला विजा कडाडल्या. पोराचा फोटो कुठल्याशा लग्नातला, भोवती लाल गोल काढलेला. घर दुसऱ्याच कुणाचं दाखवलं होतं, माडीचं. माझ्या आवाजामागं बाई हुंदके देत होती, तीसुद्धा भाड्याची. मथळा होता, 'डावा डोळा लवला आणि आईनं हँडल धरलं'.

मग लोक यायला लागले. गाड्या करून. इस्लामपूरकडचं एक कुटुंब तर शिंगणापूरला देवाला जाता जाता वाटेत उतरलं. "हँडल कुठं धरलं होतं, ती जागा दाखवता का?" म्हणून अंगणात फोटो काढले. आक्का भांडी घासत होती. नातलग मोबाइलवर हात जोडलेली चित्रं पाठवत. कोरेगावच्या बाजारात बाया तिला वांगी तोलता तोलता विचारत, "गाडीसंगं किती लांब फरपटलासा वं?" पोराचं नाव कुणी घेत नव्हतं. ते हँडलवालीचं पोरगं झालं होतं.

मी आक्काला म्हटलं, "त्या कराडच्याला सांगून काढून टाकायला लावतो."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तेव्हा मला वाटलं, थकली असेल.

खटला साताऱ्याला उभा राहिला. आक्काच्या साक्षीची तारीख लागली तशी मी आदल्या दिवशी सांगलीहून तिच्याकडं गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही साताऱ्यात उतरलो. ती फौजीची बायको, दहाला बोलावलं की साडेनऊला हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पोराचा एक पासपोर्ट फोटो.

गोष्ट अशी होती. ते दोघे म्हणत होते, त्या संध्याकाळी आम्ही त्या घराकडं फिरकलोच नाही. शेजारी ऊसतोडीच्या गडबडीत रानात होते. मुलगा त्या दोघांबरोबर गेला, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस जगात एकच, आक्का. तिचा शब्द मोडला तर ते दोघे सुटण्याचीच भीती होती.

सरकारी वकील बाई होत्या. कागदांचा गठ्ठा, कपाळावर घाम, पण बोलणं मऊ. त्यांनी आक्काला बाकावर बसवलं. "मावशी, घाबरू नका. काय पाहिलं, ते एकदा मला सांगा."

आक्का ताठ बसली. म्हणाली, "दोघं आली गाडीवरनं. मी म्हटलं, बाळा, नको जाऊ, माझा डावा डोळा लवतोय. आन् मी हँडल धरलं."

ते माझेच शब्द होते.

वकील बाईंनी कागद उलटले. "मावशी, पोलिसांना तुम्ही असं सांगितलं नव्हतं. इथं लिहिलंय, तुम्ही पाणी दिलं. हँडल कुठंच नाही."

"धरलं हुतं," आक्का म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता हे माझ्या लक्षात आलं. "समोरचे वकील ह्याचीच वाट बघत बसलेत," त्या हळूच म्हणाल्या. "एक गोष्ट खोटी ठरली की ते म्हणणार, मग बाकीची कशावरून खरी? मी शिकवणार नाही. मावशी, जे पाहिलं तेवढंच बोला." आणि आत गेल्या.

मी आक्काला जिन्याखाली बाजूला घेतलं.

"आक्का, ते हँडल मी रचलेलं. तेराव्याला. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय की."

"मग?"

ती पिशवीच्या बंदाला पीळ घालत राहिली. "ती गोष्ट मी रोज लावते मोबाइलवर. सगळी न्हाई. हँडलची तेवढीच. ती ऐकली की झोप लागती रं." मग म्हणाली, "तुझ्या गोष्टीत मी त्याला अडवलं हुतं."

मला वाटायचं मी तिची लाज राखली. मी तिला एक खोटी उशी शिवून दिली होती, आणि आता तीच काढून घ्यायला जिन्याखाली उभा होतो. मैदानात शब्द सुचला नाही असं मला कधी झालं नाही. तिथं झालं.

शेवटी कसाबसा म्हणालो, "आक्का, तुझं पोरगं माझं खोटं बरोबर पकडायचं."

तिनं वर पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं, बाटलीतलं दोन घोट पाणी प्याली आणि बाटलीचं झाकण असं काही पिळून बंद केलं की ते पुढं माझ्यानंही उघडलं नाही. तेवढ्यात पुकारा झाला. पट्टेवाल्याचा आवाज चांगला होता, शेवटी जरा पडायचा. अशा वेळीही मला ते कळलं, सवय वाईट.

आक्का पिंजऱ्यात उभी राहिली. ते दोघे समोर, इस्त्रीचे शर्ट घालून. वकील बाईंनी विचारलं तसं ती हळूहळू सांगत गेली. दिवेलागण झाली होती. पोरगं जेवायला बसलं होतं. भाकरी आणि घेवड्याची आमटी होती. गाडीचा आवाज आला. हे दोघं उंबऱ्याशी आले.

हँडल आलं नाही.

मग समोरचे वकील उठले. उंच माणूस, आवाज असा की ते मैदानात उतरले तर मला घरी बसावं लागेल. "बाई, हँडल धरलं होतं, हे सांगायचं विसरलात?"

"न्हाई. धरलं न्हवतं."

"पण व्हिडिओत तर सांगितलंय."

"त्यो माझा भाऊ बोललाय. तिकडं बसलाय बघा, मागं." सगळ्या कोर्टानं मागं वळून पाहिलं. मी आयुष्यभर लोकांनी माझ्याकडं पाहावं म्हणून धडपडलो, त्या वेळी बाकाखाली जायला जागा शोधत होतो.

"म्हणजे तुमचा भाऊ खोटं बोलतो?"

"जत्रंत बोलतो साहेब. त्याचा धंदाच हाय त्यो. आवं, बाईचा डावा डोळा लवला तर चांगलं असतंय. वाईट असतंय ते उजवा लवला तर. बाईमाणूस असं सांगंल का कवा? त्याला तेवढंबी म्हाईत न्हाई."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. टंकलेखिका बाई हसू दाबत होत्या. आणि मला त्या क्षणी कळलं, की मांडवातल्या त्या सगळ्या बायकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डावा डोळा म्हटल्याबरोबर त्यांनी ओळखलं असणार, हा पुरुषानं रचलेला प्रकार आहे. तरी एकीनंही तोंड उघडलं नाही. पदर लावला तो माझ्या गोष्टीसाठी नव्हता.

वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. चांगला निवेदक हे करतो, मला माहीत आहे. "म्हणजे तुम्ही मुलाला अडवलं नाही."

आक्कानं पिंजऱ्याचा कठडा धरला. दोन्ही हातांनी.

"न्हाई," ती म्हणाली. "मीच म्हटलं, जा. ताट झाकून ठेवते, लवकर ये."

"हे दोघे आलेच नव्हते, म्हणून तुम्हाला अडवावंसं वाटलं नाही. असंच ना?"

"आलं हुतं की. मी पाणी दिलं दोघांस्नी. संगं गुळाचा खडा दिला. ह्यानं घेतला." तिनं बोट केलं. "त्यानं न्हाई घेतला. दाढ दुखती म्हणाला. मी म्हटलं, लवंग देऊ का बाबा, तर नको म्हणाला. माझ्या घरचं पाणी पिऊन गेलं साहेब. माणसं ओळखीची, पाणी पिलेली. त्यास्नी कोण अडवतंय?"

पंचवीस वर्षं मी तपशील रचतोय. वाघ रचले, कुत्री रचली. दुखणारी दाढ मला कधी सुचली नसती. ज्याच्याकडं बोट होतं त्यानं मान खाली घातली. वकिलांनी आणखी बरंच विचारलं, तारखा, अंतरं, उजेड. ती जिथं पाहिलं तिथं पाहिलं म्हणाली, नव्हतं पाहिलं तिथं "न्हाई" म्हणाली. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

निकाल अजून लागलेला नाही. लागेपर्यंत तारखा आहेत, आणि प्रत्येक तारखेला आक्का साडेनऊला तिथं असते. मीही असतो, तिची पिशवी धरायला.

कराडच्या त्या माणसाकडं मी स्वतः जाऊन आलो. म्हटलं, माझ्या तोंडचं होतं, माझ्या तोंडानं काढतो, पुन्हा माइक लाव. तो म्हणाला, "मामा, खरं लई छोटं आहे हो. कोण बघणार?" पण मी त्याच्या फोटोच्या दुकानासमोर बसून, त्यानं हे खोटं कसं विकलं त्याची कथा गिऱ्हाइकांना मोठ्यानं सांगायला लागलो. तासाभरानं त्यानं व्हिडिओ काढून टाकला. माझ्या गुणाचा एवढा उपयोग मला पुरे.

साक्षीच्या दिवशी परतताना सातारा स्टँडवर कोरेगावची गाडी लागली. आम्ही चढलो, तर एक बाई बाकाच्या कडेला बसली होती, शेजारी भाजीची पिशवी. आक्काकडं दोनदा बघितलं आणि न राहवून म्हणाली, "आवं, तुमीच न्हवं का त्या? हँडल धरलेल्या?"

मी तोंड उघडलं. आक्कानं माझ्या दंडावर हात ठेवला, तसं मिटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी पाणी दिलेली."

बाईनं भाजीची पिशवी खाली पायाशी ठेवली आणि आत सरकून म्हणाली, "बसा."